सेफ्टी कारच्या फेऱ्या वजा करून

१८ नोव्हेंबर २०२५
छावणी, छत्रपती संभाजीनगर

संस्कृती,

तू पत्ता बदलल्याची पोच शर्यत मंडळाकडून चुकून जुन्या पत्त्यावर, म्हणजे गॅरेजवर आली. त्यावरून तुझा कोईमतूरचा पत्ता मिळाला. फोन तू उचलत नाहीस, व्हॉट्सॲपवर मला ब्लॉक केलंयस, म्हणून हे पत्र. शाळेत असताना मामाला पत्र लिहायचो, त्यानंतर थेट हेच. अक्षर लागलं नाही तर मला नावं ठेवू नकोस, हात दिवसभर पान्यावर असतो.

सगळे ठीक आहेत. नानांची आडत चालू आहे, कांदा आला की त्यांना जेवायची शुद्ध नसते, ते तसंच. आईचा गुडघा दुखतो पण ती सांगत नाही. कडुबा गॅरेजवर आहेच. वरद बिडकीनच्या कंपनीतली शिफ्ट सुटली की मदतीला येतो, गाडीखाली झोपतो आणि काहीतरी सैल करून जातो.

आता मुद्द्याचं. तिसऱ्या पात्रता शर्यतीत आपण सहावे आलो. पहिल्या पाचांना जागा. सहावा येण्यापेक्षा विसावा आलेला बरा, माणूस निदान गुपचूप घरी येतो. बारा तासांच्या मोठ्या शर्यतीला तीस गाड्या. बारा गेल्या वर्षीच्या गुणांवर, तीन समितीच्या मर्जीच्या, आणि पंधरा तीन पात्रता शर्यतींमधून, प्रत्येकीतून पाच. तुला हे पाठ आहे. मला पण आहे. तरी लिहितोय, कारण मी आजकाल जे भेटेल त्याला हेच सांगत असतो. परवा नगर नाक्यावर हवालदारानं थांबवलं तर त्याला पण सांगितलं.

तर झालंय असं की जानेवारीच्या शर्यतीतून आत गेलेल्या एका टीमनं माघार घेतली. त्यांची जागा रिकामी आहे. समिती म्हणते, जानेवारीत तुम्ही तिसरे आला होता आणि संध्याकाळी तुमचं नाव खोडलं, ते प्रकरण आम्ही परत बघतो. नाव का खोडलं ते तुला सांगायला नको. चार तासांच्या शर्यतीत प्रत्येक ड्रायव्हरनं निदान साठ मिनिटं चालवायची, तुझी सत्तावन्न भरली.

सोबत एक कागद आहे. त्यात एवढंच लिहिलंय की त्या दिवशी तू स्वतःहून गाडी आत आणलीस. खाली सही कर आणि पाकिटात घालून पाठव. फॉर्मलिटी आहे. १५ डिसेंबरच्या आत त्यांना पोचलं पाहिजे.

आई विचारते तिकडं ज्वारी मिळते का.

विश्वजीत

३० नोव्हेंबर
छावणी

संस्कृती,

स्पीड पोस्टचा नंबर टाकला की सगळं दिसतं. माझं पत्र तुला २२ तारखेला मिळालं, घेणाऱ्याची सही, तुझी. म्हणजे सही करता येते तुला.

आठ दिवस झाले. पोस्टमन दिसला की मी गाडीखालून बाहेर येतो. तो आता मला बघून लांबूनच मान हलवतो. कडुबा म्हणाला, दादा, तुम्ही त्याला बी घाबरवून ठेवलंय. काल दोन गिऱ्हाइकांवर ओरडलो. एकाची गाडी धुऊन दिली, जी धुवायला आलीच नव्हती.

तुला वाटत असेल, दादाला आताच कशी आठवण झाली. ऑगस्टमध्ये दुसऱ्या पात्रता शर्यतीला तू होतीस, मला माहीत आहे. निळी गाडी, त्या कोईमतूरच्या टीमची. पिटमध्ये तू माझ्याकडं बघितलंस आणि मी वाकून टायरची हवा बघायला लागलो. त्या टायरची हवा मी आधीच बघितली होती. आमचा गिअरबॉक्स दुसऱ्या तासाला गेला, मग मी भिंतीला टेकून उरलेली शर्यत तुझीच बघितली. दुसरी आलीस. तुमची जागा पक्की झाली. ब्रेक अजून उशिरा मारतेस. मी सांगून थकलो होतो, तिथं कुणी सांगत नसेल, म्हणून जिंकतेस.

हे कौतुक आहे. नीट वाच.

आता माझं ऐक. तुझी जागा तुझ्या टीमबरोबर आहे, ती कुणी नेत नाही. आमची जागा तुझ्या एका सहीवर अडकलीय. घरातली माणसं एकमेकांसाठी एवढंही करत नसतील तर मग काय. सात वर्षं ही गाडी मी बांधतोय. तू कॉलेजात होतीस तेव्हा पहिलं इंजिन उतरवलं, तू टॉर्च धरला होतास. गॅरेजचं नाव आईचं, द्वारका मोटर्स, गाडीच्या दारावर पण तेच. ते नाव बारा तास फिरताना मला बघायचंय.

तुझ्या सहीशिवाय पण मी निवेदन पाठवू शकतो. टीमप्रमुख मी आहे. साक्षीदार कडुबा. मी त्याला परवा कागद दिला तर म्हणतो, दादा, मला इंग्रजी येत नाय. बारा वर्षं हा माणूस इंग्रजी पार्टची यादी वाचून सामान आणतोय. मग म्हणाला, गावाला जायचंय, चार दिवस सुट्टी द्या. गावाला काही नाही. त्याचं गाव म्हणजे आपलंच लासूर.

तो म्हणणार, त्या दिवशी भिंतीवरून तुला पाटी दाखवली होती. पाटी दाखवली हे मी कुठं नाकारतोय? वायरलेस दुसऱ्या तासालाच बंद पडला होता, मग पाटीच दाखवणार. पण पाटीवर काय होतं ते सांगायला आहे कोण? तुझीच आयडिया ती. दक्षिणेतल्या टीमांना कळू नये म्हणून पाटी मराठीत. नानांच्या आडतीचा जुना पत्रा, मागच्या बाजूला काळा रंग आणि त्यावर तू खडूनं लिहायचीस. समितीच्या माणसानं त्याच्या नोंदीत लिहिलंय, पाटी दाखवली, मजकूर वाचता आला नाही.

तेव्हा मला शहाणपण शिकवू नकोस. शिकवत नाहीयेस म्हणा, तू काहीच बोलत नाहीस. बोल तरी. शिव्या दे.

विश्वजीत

७ डिसेंबर
छावणी

संस्कृती,

हे पत्र मी दोनदा लिहून फाडलंय.

शुक्रवारी आई आली. सकाळच्या गाडीनं लासूरहून एकटी, गुडघ्याला पट्टा बांधून, हातात डबा. गॅरेजवर ती किती महिन्यांनी आली ते मला आठवेना. मी म्हटलं, फोन करायचास, स्टेशनवर आलो असतो. ती म्हणाली, माझ्या नावाची पाटी लावलीय बाहीर, मला कशाला कुणी न्यायला पाहिजे. आणि आत जाऊन माझ्या खुर्चीत बसली.

मी एका गाडीचा क्लच उतरवत होतो. ती म्हणाली, टेबल आवरते. मी हो म्हटलं. मला वाटलं आईला इंग्रजी येत नाही.

वरद आला तर आईनं त्याला कागद दाखवून विचारलं, हे काय लिहिलंय बाळा, वाचून दाखव. तो गरीब वाचत बसला. पहिलं पान आणि दुसरं पण. मी आत येईपर्यंत वाचून झालं होतं. वरदनं माझ्याकडं बघितलंच नाही, डबा उघडून एकटाच जेवायला बसला.

तुला मी एकच पान पाठवलं होतं. कागदाला दोन पानं आहेत. दुसऱ्यावर लिहिलंय की पिटनं सांगितलेलं नसताना ड्रायव्हर स्वतःहून आत आला असेल, तर त्यात टीमचा दोष नाही, टीमला जागा परत मिळेल, आणि त्या ड्रायव्हरचं लायसन एक वर्ष बंद. पिटनं बोलावलं असेल तर टीमचं नाव खोडलेलंच राहील आणि टीमप्रमुखाला एक वर्ष ट्रॅकच्या आवारात पाय ठेवता येणार नाही.

म्हणजे तू सही केली असतीस तर फेब्रुवारीत मी धावलो असतो आणि तू कोईमतूरला घरी बसली असतीस. हे मला पहिल्या पत्राच्या वेळीच माहीत होतं. मी स्वतःला सांगत होतो की तुझी टीम मोठी आहे, तुला पुढच्या वर्षी घेतील, तू एकोणतीसची आहेस, मी एकेचाळीसचा. असं बरंच काही सांगत होतो.

आईनं आरडाओरडा केला नाही. वरद गेल्यावर तिनं एवढंच विचारलं, तिला तू बोलावलं व्हतंस का?

मी म्हटलं चहा सांगतो. बाहेर गेलो, चहा सांगितला, तिथंच टपरीवर उभा राहिलो. छावणीतली पोरं क्रिकेट खेळत होती ती बघत बसलो. परत आलो तर आई डबा धुऊन, पदर खोचून स्टेशनला निघाली होती. सोडायला गेलो. गाडी येईपर्यंत आम्ही दोघं बाकावर बसलो आणि ती मला सांगत होती की शेजारच्या मोनिकाला मुलगी झाली. मला रडायला यायला लागलं, मोनिकाच्या मुलीचं ऐकून. काय सांगू तुला.

तर ऐक. तुला माहीत आहे, पण मी अजून कुणाला शब्दात सांगितलेलं नाही, निदान तुला तरी सांगतो.

शेवटची खेप तुझी ठरली होती, झेंडा पडेपर्यंत. तू दुसरी होतीस आणि पहिल्याच्या जवळ जात होतीस. नाना पहिल्यांदा शर्यत बघायला आले होते. सात वर्षांत कधी आले नाहीत, पोरखेळ म्हणायचे, आणि त्या दिवशी समोरच्या गॅलरीत पांढरी टोपी घालून बसले होते. मला भिंतीवरून दिसत होते. तू समोरून गेलीस की ते उभे राहायचे. प्रत्येक फेरीला. शेजारच्याला काहीतरी सांगायचे, हातानं दाखवायचे.

माझ्या दोन्ही खेपांना ते बसलेलेच होते, मी नंतर कडुबाला विचारलं होतं.

मला रेषा मी ओलांडायची होती. एवढंच आहे ते, त्यात दुसरं काही नाही. वीस मिनिटं राहिली होती. मी घड्याळ बघितलं, तुझे एकाहत्तर झाले होते. साठच्या वर गेले, नियम झाला, असं म्हणून मी हेल्मेट घातलं आणि कडुबाला ओरडलो, आत लिही. त्यानं विचारलं, ताईला का काढता, ती चाललीय की नीट. मी त्याला शिवी दिली. त्यानं 'आत' लिहिलं. तू एका फेरीला दुर्लक्ष केलंस, तुला वाटलं चुकून दाखवलं. दुसऱ्या फेरीला मी स्वतः पत्रा हातात घेतला आणि भिंतीवर आपटला.

मधल्या अपघातानंतर चौदा मिनिटं सगळ्या गाड्या सेफ्टी कारच्या मागं हळूहळू रांगेत चालल्या होत्या. ती मिनिटं धरत नाहीत. हे तुला मीच शिकवलं, वहीत लिहून दिलं होतं: घड्याळ बघून खूश व्हायचं नाही, सेफ्टी कारच्या फेऱ्या वजा करायच्या. मग उरतं ते आपलं. एकाहत्तरातून चौदा गेले की सत्तावन्न. पहिलीतलं पोर करेल. माझं लक्ष टोपीकडं होतं.

संध्याकाळी नाव खोडलं आणि सगळे विचारायला लागले, ही आत का आली. नाना पण तिथं येऊन उभे होते. मी म्हटलं, तीच आली, दमली म्हणे. तू हेल्मेट काखेत धरून उभी होतीस. तू कडुबाकडं बघितलंस, त्यानं मान खाली घातली. मग नानांकडं बघितलंस. माझ्याकडं बघितलंच नाहीस. आणि तिथूनच बसस्टँडला गेलीस, अंगावरच्या कपड्यांनी.

एक शब्द का नाही बोललीस? तू बोलली असतीस तर मी तिथल्या तिथं कबूल झालो असतो. हे खोटं आहे. मी अजून भांडलो असतो.

खरं सांगतो, कागद अजून फाडलेला नाही. टेबलावर आहे. आठ दिवस आहेत.

विश्वजीत

१४ डिसेंबर
लासूर स्टेशन

संस्कृती,

मी निवेदन काल पाठवलं. ईमेलनं पण आणि टपालानं पण, म्हणजे मागं घ्यायची सोय राहू नये. त्यात लिहिलंय की ड्रायव्हरला मी बोलावलं, दोनदा पाटी दाखवली, पाटीवर मराठीत 'आत' असं होतं, मिनिटं मोजायला मी चुकलो आणि नंतर दोष तिच्यावर टाकला. पत्र्याचा फोटो जोडलाय. कडुबानं साक्षीदार म्हणून सही केली, इंग्रजीत, झोकात. त्याला इंग्रजी आलं एकदम.

मग आज लासूरला आलो. नाना आडतीवर होते. गाड्या खाली होत होत्या, कांद्याचा ढीग, तात्यासाहेब मापाडी ओरडतोय, तसल्या गलक्यात मी त्यांना म्हटलं, नाना, जरा बाजूला या. ते म्हणाले, इथंच बोल, मला येळ नाय. मग इथंच बोललो. मी म्हटलं, जानेवारीत संस्कृती आपणहून आली नव्हती. मी बोलावलं.

नाना म्हणाले, "व्हय."

मी म्हटलं, व्हय म्हंजी?

"पत्रा माझ्या दुकानाचा हाये ना. चाळीस वर्षं दारावर व्हता. मी समोरच बसलो व्हतो, त्यावर काय लिवलंय ते मला दिसणार नाय का? त्या सगळ्या मंडपात मराठी वाचणारा मीच एकटा असंन."

हे असं, कांद्याचं एक पोतं दाबून बघत. मी म्हटलं, मग बोलला का नाहीत? ती तुमच्याकडं बघत होती.

त्यांनी पोतं सोडलं. म्हणाले, "तू थोरला. गॅरेज तुझं, घर तुला सांभाळायचं. चार लोकांत तुला खोटं पाडायचं कसं? म्हणलं पोरगी समजूतदार हाये, चार दिसांनी यील. आन् तू सांगशील आज ना उद्या. वाट बघत व्हतो."

अकरा महिने. अकरा महिने हा माणूस माझ्यासमोर जेवायला बसतोय, आईला सांगतोय पोरगी हट्टी आहे, आणि वाट बघतोय. मी भर बाजारात नानांवर ओरडलो, संस्कृती. जन्मात पहिल्यांदा. मी म्हटलं, मी चोर आहे ते कबूल, पण तुम्ही चोरी होताना बघितली आणि पोरीला जाऊ दिलं. तात्यासाहेबाचं माप थांबलं. सगळे बघायला लागले. नानांनी टोपी काढली, झटकली, परत घातली आणि आत गादीवर जाऊन बसले.

मी त्यांना सुनावलं खरं, पण त्यांच्यावर ओरडताना मला हलकं वाटत होतं आणि ते मला आवडलं नाही. त्यांचं त्यांच्यापाशी. माझं कमी होत नाही.

आता घरी बसून लिहितोय. आई शेजारी मेथी निवडतेय. तिला नानांचं पण कळलंय, अख्ख्या लासूरला कळलंय. तिनं नानांना ताट वाढलं आणि म्हणाली, मला विचारलं असतं तर मी बी सांगितलं असतं की पोर अशी नाय येत माघारी. मला कुणी विचारलंच नाय.

माफ कर असं लिहिणार होतो. लिहिलं की सोपं वाटतं, म्हणून राहू दे. तुला काही करायचं नाही. सही नको, उत्तर नको.

दादा

१९ जानेवारी २०२६
छावणी

संस्कृती,

समितीचा निकाल आला. रिकामी जागा इंदूरच्या एका टीमला. आपलं नाव खोडलेलंच. मला ३१ डिसेंबरपर्यंत ट्रॅकच्या आवारात मनाई, ड्रायव्हर म्हणून नाही, मेकॅनिक म्हणून नाही, प्रेक्षक म्हणून पण नाही. तुझ्या लायसनवर काही नाही, ते स्पष्ट लिहिलंय, मी चार वेळा वाचलं.

गाडीवर कापड टाकलं. मग दुसऱ्या दिवशी काढलं आणि परत इंजिन उतरवायला घेतलं. हात रिकामे राहिले की मी गॅरेजमध्ये येरझाऱ्या घालतो, गिऱ्हाईक विचारतं काय हरवलं का.

आणि आज तुझं पाकीट आलं. पोस्टमन स्वतः आत आला, हसत, दिलं माझ्या हातात. मी फोडायच्या आधी हात धुतले. आत दोन पास. पिटच्या वरच्या गॅलरीचे. एकावर नाव द्वारकाबाई, दुसऱ्यावर कडुबा. चिठ्ठी नाही. मी पाकीट उलटं करून झटकलं, फाडून सपाट करून बघितलं. चिठ्ठी नव्हती.

माझा नसणारच, मला मनाई आहे आणि ते तुला कळलं असणार. म्हणून नाही पाठवलास की मनाई नसती तरी नसता पाठवला, हे मी विचारत नाही.

नानांचा नाही. फोनवर मी सांगितलं. मी म्हटलं, नाना, तुम्हाला मनाई नाही, तिकीट काढून साध्या गॅलरीत बसता येतं. तर म्हणाले, "नाय. तिनं बोलवलं नाय. मग नाय बसायचं." थोड्या वेळानं परत फोन केला, "गाडी कोण चालवणार, म्हातारीला एवढ्या लांब?" मी म्हटलं मी. तर म्हणाले, "मग मी बी येतो. गेटाबाहीर बसाया तिकीट लागतं का?"

कडुबानं पास खिशात ठेवला होता, मग डब्यात ठेवला, मग मला म्हणाला तुम्हीच ठेवा, माझ्याकडून हरवंल. आणि मग नवीन शर्ट आणायला गुलमंडीवर गेला.

दादा

८ फेब्रुवारी
ट्रॅकच्या गेटाबाहेर

संस्कृती,

हे तुला पोस्टानं पाठवणार की आईच्या हाती देणार, अजून ठरलं नाही.

काल रात्री पोचलो. शुक्रवारी तुझी पात्रता वेळ झाली ते आईला फोनवर तू सांगितलंस. तिनं आम्हाला सांगितलं की पोर पास झाली. प्रत्येक ड्रायव्हरला सगळ्यात वेगवान फेरीच्या जवळ यावं लागतं, नाहीतर टीम मागं पडते, हे मी नानांना समजावलं. ते म्हणाले, म्हंजी एकानं बी मागं राहायचं नाय. मी म्हटलं व्हय.

सकाळी साडेपाचला आईला आणि कडुबाला आत सोडलं. कडुबाचा शर्ट पिवळा आहे, तुला दिसला असेलच, विमानातून पण दिसेल. आई आत जाताना मागं वळली, माझ्याकडं नाही, नानांकडं. मग गेली.

गेटासमोर चहाची टपरी आहे. टपरीवाला तेलुगू बोलतो, नाना त्याच्याशी लासूरचं मराठी बोलतात, दोघांचं बरं चाललंय. आम्ही गाडीच्या बॉनेटवर बसलोय. इथून काही दिसत नाही, भिंत आहे. पण आवाज येतो, आणि आतला लाउडस्पीकर ऐकू येतो. तुमची निळी गाडी सरळ रस्त्यावर गिअर वर टाकताना एकदा खाकरते, सायलेन्सरचा जोड बघायला सांग. मी ती पहिल्या तासातच ओळखायला लागलो.

या मोठ्या शर्यतीत प्रत्येकाला निदान दोन तास. माझ्याकडं घड्याळ आहे. मला कुणी मोजायला सांगितलेलं नाही. तुमच्याकडं मोजायला माणसं असतील, चांगली, डोकं ठिकाणावर असलेली. तरी मोजतोय.

आठ दहाला तुझं नाव पुकारलं. नऊ चोवीसला तू उतरलीस. घड्याळात चौऱ्याहत्तर. मध्ये सगळे आवाज एकदम मऊ झाले, सेफ्टी कार. बावीस मिनिटं. वहीत लिहून वजा केले, बावन्न. नाना म्हणाले, दाव. वही घेतली, चष्मा लावून परत वजाबाकी केली, बरोबर हाये म्हणाले.

मग पावणेचार तास आम्ही दोघं जागेवर ठरलो नाही. मी टपरीपासून गेटापर्यंत चालतोय, ते गेटापासून टपरीपर्यंत. मध्ये भेटलो की ते विचारतात, आता कोण हाये? मी सांगतो. गेटावरचा शिपाई दोनदा येऊन बघून गेला. मी त्याला मनाईचं पत्र दाखवलं, म्हटलं मी आत येणारच नाही, तू निवांत बस. त्यानं मला खुर्ची आणून दिली. मी बसलो नाही.

एक पाचला परत तुझं नाव. अडुसष्ट पाहिजेत.

एक चाळीस. पाऊण तास व्हायच्या आधीच सगळे मऊ. सेफ्टी कार. नऊ मिनिटं. परत मोठा आवाज. नाना म्हणाले, लिव, लिव. लिहिलं.

दोन दहा. तुमच्या टीमचा माणूस कसा आहे मला माहीत नाही. घड्याळ बघून खूश होणारा नसावा. पासष्ट झाले असतील त्याच्या घड्याळात. बाबा, थांब. वजा कर.

लाउडस्पीकरवर सांगतायत की तू तिसरी आहेस. नाना उठून उभे राहिले. भिंतीच्या पलीकडून निळी गाडी खाकरत गेली की ते उभे राहतात, ती गेली की बसतात. दिसत काही नाही. टोपी हातात आहे.

दोन बावीस. मी ऐकून मोजतोय, चूक असू शकते, म्हणून अजून तीन मिनिटं धरतो. ती तीन धरायचीच.

दोन पंचवीस.

मी नानांना म्हटलं, भरले.

ते म्हणाले, "सेफ्टी कारचे वजा केलेस?"

केले, नाना.

"दोन्ही येळचे?"

दोन्ही वेळचे केले. वही त्यांच्याकडं दिली. ते अजून आकडे बघतायत, बोट ठेवून. तू अजून आत आलेली नाहीस. लाउडस्पीकरवर तुझंच नाव आहे.

दादा